काळ्या टी-शर्टमधल्या दादांना

प्रिय दादा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गळ्यातला पास दर वेळी उलटा फिरलेला, त्यामुळे वाचताही आलं नाही. त्या दिवशी रॉक कॉन्सर्टच्या स्टेजवर सामान लावणारी काळा टी-शर्ट, काळी पॅन्ट आणि कमरेला टॉर्च अशी दहा-बारा माणसं तरी होती. तेव्हा ओळख पटावी म्हणून खुणा देते. तुमच्या पट्ट्याच्या हुकाला गॅफर टेपचे (स्टेजवर वायरी चिकटवायच्या कापडी टेपचे) दोन रोल लटकत होते, एक काळा आणि एक पोपटी. कानामागे लोक पेन्सिल खोचतात तसा तुम्ही छोटा स्क्रू-ड्रायव्हर खोचला होता. आणि मी ती मुलगी, डाव्या बाजूला बॅरिकेडला चिकटून उभी असलेली, जिच्या पहिल्याच प्रश्नावर तुम्ही आधी पोटभर हसलात.

आभार मानायला चार महिने लावले. तेवढ्या वेळात तुम्ही कितीतरी स्टेज उभे केले आणि उतरवले असतील, तेव्हा माझी आठवण असेलच असं नाही. तरी लिहिते.

कार्यक्रम रात्री आठचा आणि मी दुपारी दोनला हजर. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. घरच्यांना वाटलं पहिल्या रांगेसाठी पळतेय. ते अर्धंच खरं होतं. पहिली रांग मला हवी असते ती सामान जवळून दिसावं म्हणून. बँड काय, मागूनही दिसतो, आता तर मोठमोठे पडदे असतात. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. एकदा मैत्रिणीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे सिनेमाला जाऊन प्रोजेक्टर बघत बसण्यासारखंच की." बसेनही, बसू दिलं तर.

गेट उघडेपर्यंत पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभी राहून मी नुसती ऐकत होते. आत कुणीतरी बेस ड्रमवर एकच ठोका मारत होतं. ढब. ढब. ढब. दहा मिनिटं तेच. रांगेतला एकजण वैतागला, "याला दुसरं काही येत नाही का?" पण ठोका बदलत होता. सुरुवातीला पुठ्ठ्याच्या खोक्यावर मारल्यासारखा होता. मग त्याला खालून पोट आलं, पायाखालची जमीन किंचित हलली. मग त्या पोटावर एक कडक 'टक्' येऊन बसलं. दूर मिक्सरवर, म्हणजे सगळे आवाज जुळवायच्या टेबलावर, बसलेलं कुणीतरी त्या एका ठोक्याला घडवत होतं. मग स्नेअर. मग टॉम, असे ड्रमसेटचे बाकीचे ढोल एकेक करून. मग "चेक, वन, टू". पत्र्यापलीकडचं काहीच दिसत नव्हतं, तरी अख्खं स्टेज माझ्या कानात तुकड्यातुकड्यानं मांडलं जात होतं.

पाचला गेट उघडलं. धावत सुटले, बॅरिकेड गाठलं, वर पाहिलं आणि धाप लागलेली असतानाच हसू फुटलं.

ड्रमसेटवर काळं कापड टाकलेलं होतं. सिंबलच्या स्टँडांनी ते खालून जागोजागी उचललेलं, त्यामुळे एखादं मोठं जनावर पाय पोटाशी घेऊन झोपल्यासारखं दिसत होतं. त्याच्या डावीकडे गिटारचे अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारी यंत्रं), एकावर एक दोन कॅबिनेट (स्पीकरची खोकी), अशा चार जोड्या. उजवीकडे बेसचं कपाट. पुढे गायकाच्या जागी तिरपे ठेवलेले दोन मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर) आणि मधे पोपटी टेपची एक छोटी फुली. तिच्यावर तीन तासांनी गायक उभा राहणार होता. आत्ता तिथे कुणी नव्हतं, आणि मला ते तसंच आवडत होतं. बँड आला की सगळं फार भरभर होतं. दिवे, धूर, आरडाओरडा. मग कुठला अ‍ॅम्प कुठे आहे हे कोण बघतं?

तेवढ्यात तुम्ही खाली पिटमध्ये, म्हणजे स्टेज आणि बॅरिकेडमधल्या जागेत, उतरलात, स्टेजच्या कडेवरच्या छोट्या स्पीकरची वायर तपासायला. मी मान लांब करून अ‍ॅम्पकडे बघत होते. तुम्ही वळून विचारलंत, "कशाकडे बघतेयस?"

दादा, मला अशा ठिकाणी आजवर लोकांनी विचारलंय ते "कुणाची फॅन?" किंवा "कुणासोबत आलीस?" कशाकडे बघतेयस, हे पहिल्यांदाच कुणी विचारलं. म्हणून तर डोक्यात होतं ते तसंच तोंडातून बाहेर पडलं: "ते आठही कॅबिनेट खरे आहेत का?"

तुमचं हसून झाल्यावर तुम्ही टॉर्च काढलीत आणि झोत टाकलात. "माइक कुठे लावलाय ते बघ."

माइक एकाच कॅबिनेटसमोर होता. डावीकडून दुसऱ्या जोडीत, खालचं. बाकी सात कॅबिनेटांच्या तोंडापुढे काहीच नव्हतं. म्हणजे मैदानभर पोचणारी ती अख्खी गिटार एका स्पीकरमधून, त्याच्यापासून दोन बोटांवर टेकवलेल्या मुठीएवढ्या माइकमधून जाणार होती. तुम्ही म्हणालात, दोन जोड्या चालू असतात, उरलेल्या चार खोक्यांत स्पीकरच नाहीत, नुसती लाकडाची कपाटं. मला वाईट वाटेल असं तुम्हाला वाटलं असावं, कारण लगेच सावरून घेतलंत, "पण दिसायला बरं दिसतं ना?" वाईट कसलं वाटतंय! जादूगारानं स्वतःच बाही वर करून दाखवावी तसं झालं माझं.

मग तुम्ही तो माइक स्पीकरच्या मधोमध का नाही हेही सांगितलंत. मधोमध धरला तर आवाज कानात टोचतो, कडेकडे सरकवला तर घोंगडीत गुंडाळल्यासारखा होतो. बोटभर इकडेतिकडे केलं की गिटार बदलली असं वाटतं. म्हणून कॅबिनेटच्या जाळीवर टेपचा एक बारीक तुकडा होता, रोज त्याच जागी माइक यावा म्हणून. तो तुकडा मी रात्रभर विसरले नाही. बारा इंची स्पीकर, त्यावर नखाएवढी पट्टी, आणि सगळा कारभार तिच्यावर.

घरी येऊन मी शोधत बसले की ही अ‍ॅम्पची भिंत मुळात आली कुठून. आज ती बरीचशी शोभेची असली तरी एके काळी तिच्यावाचून भागत नव्हतं. 1965 साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्ससमोर 55 हजारांवर माणसं होती. त्यांच्यासाठी खास 100 वॅटचे अ‍ॅम्प बनवलेले, आणि गाणं पोचवायला स्टेडियमचे स्वतःचे स्पीकर. किंकाळ्यांपुढे ते कुठे टिकणार? स्वतःला ऐकू यावं म्हणून समोर मॉनिटरही नव्हते. म्हणजे त्या काळात गिटारचा आवाज लांब न्यायचा तर अ‍ॅम्पलाच ओरडावं लागायचं. लंडनमध्ये ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी 1962 मध्ये फेंडर कंपनीच्या बेसमन या अ‍ॅम्पवरून आपला पहिला अ‍ॅम्प बेतला, आणि दोन-तीन वर्षांतच 'द हू' या बँडची मंडळी त्यांच्याकडे आणखी मोठा आवाज मागायला आली. त्यांचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांना आठ स्पीकरचं एकच कॅबिनेट हवं होतं. ते बनलंही. पण उचलणाऱ्यांची कंबर मोडायला लागली, तेव्हा त्याचे चार-चारचे दोन भाग करून एकावर एक ठेवले, असं सांगतात. हे वाचलं आणि मला तुम्हीच आठवलात. रॉकचं म्हणून जे चित्र जगभर पोस्टरवर छापलं जातं, तो दोन खोक्यांचा मनोरा, त्याचा आकार गिटारवाल्यानं नाही ठरवला. सामान वाहणाऱ्यांच्या पाठीनं ठरवला.

1974 मध्ये ग्रेटफुल डेड या बँडनं तर कहरच केला. वादकांच्या मागे शेकडो स्पीकरची प्रचंड भिंत. वजन 75 टनांच्या आसपास. जे श्रोत्यांना ऐकू जाणार तेच वादकांना, म्हणून वेगळे मॉनिटर नकोत. पण स्पीकर मागे आणि माइक पुढे म्हटल्यावर स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून शिट्टी वाजणारच. त्यावर तोडगा म्हणून प्रत्येक गायकापुढे माइकची जोडी, एकाची दिशा विजेच्या हिशेबानं उलटी. दोन्हींत सारखा शिरणारा मागचा गोंगाट एकमेकांना खाऊन टाकतो, आणि गायक एकाच माइकला ओठ टेकवून गातो म्हणून त्याचा आवाज तेवढा उरतो. काय डोकं आहे! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बँडनं विश्रांती घेतली आणि ती भिंतही निवृत्त झाली. ती वाहून नेणाऱ्यांना कुणी पत्र लिहिलं असेल का, कोण जाणे.

हल्ली बरेच बँड स्टेजवर अ‍ॅम्प ठेवतच नाहीत. सगळं एका डिजिटल डब्यात, आणि कानात इअरफोन. आवाज उत्तम येतो, नाही म्हणत नाही मी. पण स्टेज दवाखान्यासारखं दिसतं.

तर त्या संध्याकाळी तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितलीत आणि माझा फुगा फोडलात. "सगळ्यात वाईट आवाज पहिल्या रांगेत येतो, माहितेय ना?" नव्हतं माहीत. वर टांगलेल्या त्या केळ्याच्या घडासारख्या स्पीकरांकडे बोट करून तुम्ही म्हणालात, ते तुझ्यासाठी नाहीतच. वरची खोकी थेट लांबच्या लोकांकडे बघतात, खालची थोडी जवळच्यांकडे वळलेली, आणि तू तर त्यांच्याही अलीकडे. एकावर एक रचलेली बारीक खोकी एकाच लांब स्पीकरसारखी वागवायची, ही युक्ती क्रिस्चन हाइल या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाच्या कंपनीनं 1990च्या दशकाच्या सुरुवातीला आणली आणि मोठ्या मैदानांवरचं ऐकणंच बदललं. पण पहिल्या रांगेच्या नशिबी काय, तर स्टेजच्या कडेवरचे ते छोटे स्पीकर, ज्यांची वायर तपासायला तुम्ही आला होतात. शिवाय पुढ्यात सब (खर्जाचे मोठे स्पीकर), आणि समोरून थेट येणारे ड्रम आणि अ‍ॅम्प. "खरं ऐकायचं असेल तर मिक्सरजवळ जाऊन उभी राहा. मिक्स करणारा जिथे बसतो, तिथलंच त्याला कळतं."

मी मागे वळून पाहिलं. मिक्सर कुठल्या कुठे होता. तिथे अ‍ॅम्पवरचे आकडे थोडेच दिसणार? मी म्हटलं, इथेच बरी.

तेव्हा तुम्ही माझ्या पुढ्यातल्या सबकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "मग कानात काय घालणार आहेस?"

काही नाही, म्हटलं. मागच्या वेळी एका बंदिस्त सभागृहातल्या कार्यक्रमानंतर तीन दिवस कानात शिट्टी वाजत होती, आणि मी ती शौर्यपदकासारखी मिरवत होते, हेही सांगून टाकलं. तुमचा चेहरा बदलला. म्हणालात, "माझ्या उजव्या कानातली बावीस वर्षं झाली, थांबलेली नाही." एवढंच. उपदेश नाही. वर गेलात आणि येताना पिवळ्या स्पंजच्या दोन गुंड्या आणल्यात. मी त्या तशाच कानात कोंबायला लागले तर थांबवलंत. आधी बोटांत वळून सुईसारखी बारीक कर. मग दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वरच्या टोकाला धरून वर ओढ. आत सरकव आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेव, वीस-तीस सेकंद. मी करून दाखवेपर्यंत तुम्ही हलला नाहीत. मागे कुणीतरी तुम्हाला हाका मारत होतं.

घरी आकडे बघितले तेव्हा पोटात गोळा आला. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशेबानं 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2022 मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली. मी सबसमोर दोन तास उभी राहणार होते, मोकळ्या कानांनी.

पहिला बँड येऊन गेला. त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. खरा कार्यक्रम माझ्या लेखी त्यानंतरच्या अर्ध्या तासात झाला.

ड्रमवरचं कापड दोघांनी चार कोपरे धरून उचललं आणि सगळे सिंबल एकदम चमकले. तुम्ही गिटारच्या रॅकपाशी बसून एकेक गिटार लावत होतात. तार जुळवायची, मग बोटानं ओढून ताणायची, मग परत जुळवायची. नवी तार ताणली नाही तर पहिल्याच गाण्यात उतरते, आणि दिव्यांच्या उष्णतेनं आणखी. हे मला माहीत होतं, पण सहा गिटारांवर, न कंटाळता, प्रत्येक तारेला तेच करताना कुणाला पाहिलं नव्हतं. मग तुम्ही अ‍ॅम्पपाशी गेलात. पॉवरचं बटण. लाल दिवा लागला. आवाज काहीच नाही, आत व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) तापत होते. मग थोडं थांबून स्टँडबायचं बटण, आणि "हं..." असा अगदी बारीक श्वास. अजून एकही सूर वाजला नव्हता आणि माझ्या हातावर काटा आला.

आणि तेवढ्यात ती खरखर. तुम्ही तार छेडलीत की मधेच कर्र कर्र. तुम्ही घाईत दिसलाच नाहीत. गिटार बदललीत, खरखर तशीच. पेडलबोर्ड (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायानं दाबायच्या डब्यांची फळी) मधून काढून गिटार थेट अ‍ॅम्पला लावलीत, खरखर गेली. पेडल परत जोडलेत आणि एकेक छोटी केबल दोन बोटांत धरून हलवत गेलात, डॉक्टर पोट दाबून "इथे दुखतं का?" विचारतो तसं. पाचव्या केबलला अ‍ॅम्प ओरडला. ती काढलीत, नवी लावलीत, आणि जुनीला एक गाठ मारून वेगळ्या डब्यात फेकलीत. गाठ म्हणजे ही मेली, परत कुणी उचलू नये. माझ्या शेजारचे सगळे फोनमध्ये होते. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण लाजले.

मग दिव्यांची पाळी. वरचे फिरते दिवे एकदम चालू झाले की आधी स्वतःची जुळणी करतात, हे फक्त वाचलं होतं. वीस-पंचवीस दिवे एकाच वेळी डावीकडे वळले, मग उजवीकडे, मान खाली, मान वर, झोपेतून उठून आळोखेपिळोखे दिल्यासारखे. असे दिवे 1981 मध्ये जेनेसिस या बँडनं पहिल्यांदा दौऱ्यावर नेले. त्याआधी प्रत्येक दिवा हातानं वळवून, नेम धरून घट्ट करायचा आणि रात्रभर तो तिथेच बघणार.

कार्यक्रम कसा झाला ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मला आठवतो तो तिसऱ्या आणि चौथ्या गाण्यामधला अंधार. तुम्ही वाकून पळत आलात, टॉर्च दातांत, नवी गिटार हातात. गिटारवाल्यानं खांदा खाली केला, जुना पट्टा निघाला, नवा चढला. चार सेकंद. त्यानं तुमच्याकडे बघितलंही नाही, हात बरोबर जागेवर असणार हे त्याला ठाऊक होतं. यावेळी मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्यानं विचित्र नजरेनं पाहिलं, कारण गाणं संपून झालं होतं आणि पुढचं सुरू व्हायचं होतं.

कानातल्या गुंड्यांमुळे सिंबल थोडे मऊ झाले, पण ज्या गाण्याचे शब्द मला आठ वर्षं चुकीचे पाठ होते, ते त्या रात्री पहिल्यांदा नीट ऐकू आले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा कानात शिट्टी नव्हती. बाहेर पंख्याची घरघर चालली होती, तीच ऐकत पडून राहिले थोडा वेळ.

त्या गुंड्यांसाठी आभार. माइक दाखवल्याबद्दल आभार. मागून हाका येत असताना थांबल्याबद्दल तर फारच.

आपली,
डावीकडच्या सबसमोरची मुलगी

ता.क. माझ्या गिटारच्या केबललाही मागच्या आठवड्यात तशीच खरखर सुटली. गाठ मारली. टाकवत मात्र नाहीये, खुंटीला टांगून ठेवलीय.